बँकेच्या जोत्यावर

इथल्या नगरपालिकेला सिंह चालत नाहीत. इमारतीवर प्राणी नकोत, माणसांचे चेहरे नकोत आणि पुतळे तर नकोतच नकोत. मस्कतला येऊन इतकी वर्षं झाल्यावर हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही किनाऱ्यावरच्या सहम गावातल्या त्या इमारतीच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी दोन सिंह, एक दाढीवाला चेहरा आणि कमानींच्या माथ्यावर द्राक्षांचे घोस असा सगळा थाट काढला. इमारतीच्या मालकाला मुंबईतली एक जुनी बँक हवी होती, आणि ती बँक मला तोंडपाठ होती.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक जुनी इमारत मोजायला देतात. टेप, ओळंबा, शिडी घेऊन जायचं आणि पायापासून कळसापर्यंत सगळं कागदावर उतरवायचं. आमच्या गटाच्या वाट्याला फोर्टमधली व्हिक्टोरियन काळातली बँक आली होती. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर बांधलेली, कोपरा गोल करून तिथेच दार काढलेलं, खाली काळा दगड, वर मालाडचा पिवळा, आणि जिथे म्हणून हात पोचेल तिथे नक्षी. त्या लोकांना मोकळी भिंत बघवत नसावी. प्रत्येक कंगोऱ्यावर शिशाची पट्टी दाबायची, ती दगडाची वळणं घेते, मग ती अलगद उचलून कागदावर ठेवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. ऊन असो, घाम असो, आमचा हाच उद्योग. आज मला माझ्या सख्ख्या भावाचा फोन नंबर पाठ नाही, पण त्या बँकेच्या जोत्याचा कंगोरा डोळे मिटून काढता येतो.

त्यामुळे मस्कतमधल्या आमच्या कुरुमच्या ऑफिसात अर्बाब आले आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला, तेव्हा मी जरा जास्तच खूश झाले. इथे मालकाला अर्बाब म्हणतात. हे अर्बाब साधारण माझ्याच वयाचे, सभ्य, नेहमी घाईत असलेले. सहमला त्यांची दुकानं आहेत. मोबाइलवर एका जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोचा फोटो होता. त्यात ओमानी वेषातला एक गृहस्थ उभा, शेजारी त्याच्या कमरेला येणारं एक पोर, मागे अर्धी कमान आणि थोडा काळा दगड.

"मुहंदिसा," ते म्हणाले. मुहंदिसा म्हणजे इंजिनीअरबाई. मी इंजिनीअर नाही, आर्किटेक्ट आहे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. "हे पोर म्हणजे माझे वडील. आजोबा खजुराचा व्यापार करायचे, तेव्हा हे लोक मुंबईत राहत होते. मागे आहे ती बँक. सहमला मी नवी इमारत बांधतोय, ती अशी हवी."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वडिलांची नजर अधू झाली आणि त्यांना गाडी सोडावी लागली. ज्या माणसाचा दिवस बाजारात जायचा तो आता दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसतो आणि टीव्हीशीच भांडतो. बाहेर चला म्हटलं तर म्हणतो, बाहेर बसायला जागा कुठे आहे? पण या बँकेचा विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, "तू बांध, मी येईन."

मुलाला बाप घराबाहेर यायला हवा होता. एवढंच ते काम होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र फोटो मोठा करून बघितला आणि ऐटीत म्हणाले, "ही बँक मी मोजलेली आहे." फोर्टात तशा अर्ध्या कमानी पैशाला पासरी आहेत, पण तोंडातून निघून गेलं ते गेलंच. आमचे साहेब माझ्याकडे असे बघायला लागले जणू ती बँक म्हणजे माझं माहेर आहे.

कुरुमहून सहमला जायचा रस्ता मला आवडतो. एका बाजूला डोंगर हळूहळू मागे सरकतात, दुसऱ्या बाजूला खजुराच्या बागा आणि त्यांच्यामागे न दिसणारा पण कळणारा समुद्र. वाटेत कुठेतरी गाडी थांबवून कडक चहा घ्यायचा. वाटेतले बंगले बघत मी एकटीच बडबडत असते. इथल्या लोकांना खांबांचं फार वेड. दोन खोल्यांच्या घरालाही दाराशी देवळाएवढे खांब. मला खांबांचा राग आहे, पण पोटापाण्यासाठी मी किती काढले असतील ते विचारू नका.

म्हातारेबुवा दिवाणखान्यात गादीवर बसले होते. लहानखुरी चण, पायघोळ पांढरीशुभ्र दिशदाशा, बाजूला काठी. चपला बाहेर काढून मी आत गेले. खजूर झाला, काहवा, म्हणजे इथली कॉफी झाली, माझी, माझ्या नवऱ्याची, आईवडिलांची, सगळ्यांची विचारपूस झाली. मग मी ड्रॉइंग पसरलं. ते नाक कागदाला टेकेल इतके वाकले.

"ये क्या है?" त्यांची हिंदी जुन्या मुंबईची होती.

"सिंह, बाबा."

"सिंह होएंगा. मैंने नहीं देखा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ये मेरा बँक नहीं."

सिंह तर नगरपालिकेनेही काढून टाकायला लावले असतेच. दुसऱ्या खेपेला मी कमानी उंच केल्या, कोपऱ्यावर मनोरा आणि त्यात घड्याळ बसवलं. म्हाताऱ्याने तेही नाकाने हुंगल्यासारखं बघितलं.

"घड़ी भी होएंगा. मैंने नहीं देखा."

अर्बाब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मला मात्र राग आला. आजोबा, मनात म्हटलं, तुम्ही त्या बँकेपुढे डोळे मिटून उभे होतात की काय? परत येताना मी चहालाही थांबले नाही.

तिसऱ्या खेपेला मी ड्रॉइंग न घेताच गेले. त्यात माझा शहाणपणा काही नव्हता, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगा. आपने क्या देखा?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगायला लागले ते थांबेचनात. त्यांचे वडील बँकेत जायचे तेव्हा पोराला आत सोडत नसत. मग हे बाहेर बसायचे. "इधर," म्हणून त्यांनी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर तळहात धरला. काळा दगड, गुळगुळीत. पाठीला खरबरीत दगड. आणि पायांच्या मागे, खाली, एक लोखंडी जाळी. तिच्यातून थंडगार हवा यायची आणि तिला कागदांचा वास असायचा. मुंबईच्या उकाड्यात ते चपला काढून तळवे त्या जाळीसमोर धरायचे. ते कधी वर बघायचेच नाहीत. वर बघण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलंही नव्हतं.

"फिर चौकीदार आता था. तुम्हारा मराठी आदमी. एक ही शब्द बोलता था." आणि त्यांनी तो शब्द अस्सल मराठीत म्हटला. "ऊठ."

ते उठायचे, कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्याला जाऊन बसायचे. चौकीदार तिकडे यायचा. "पूरा बँक का चक्कर लगाया मैंने. सब बाजू से उठाया." ते हसत होते. अर्बाबने मोबाइल खाली ठेवला होता. बापाची ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती.

"तुम्हारा भाषा में उसका उल्टा क्या बोलते?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

"बसा," मी म्हटलं.

"बसा," त्यांनी म्हणून पाहिलं. "वो किसीने नहीं बोला."

 तो दगड मला माहीत होता. त्या मोजणीच्या दिवसांत दुपारी आम्ही तिथेच डबे उघडायचो. ड्रॉइंगच्या गुंडाळ्या मांडीवर, पाय खाली सोडलेले. मग चौकीदार यायचा, त्याची काठी दगडावर टकटक करायची. "ए, उठा रे पोरांनो, हे बँकेचं तोंड आहे." आम्ही तोंडातला घास चावत उठायचो. आणि आमच्या ड्रॉइंगमध्ये त्या दगडाला नाव दिलं होतं 'जोत्याचा पुढे आलेला कंगोरा'. त्याची गोलाई बिनचूक काढली होती. त्याची उंची बसायच्या उंचीइतकी आहे हे मात्र रोज त्यावर बसूनही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी हे म्हाताऱ्याला सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. "तेरे को भी उठाया?" मुलाकडे वळून अरबीत सांगितलं, हिलाही उठवलं. त्या दिवसापासून मी घरची झाले. निघताना गाडीत खजुराचे डबे ठेवले गेले, ते अजून आमच्याकडे संपायचे आहेत.

मग मी ती इमारत नव्याने काढली. मनोरा गेला, घड्याळ गेलं, खांब तर मी आनंदाने पुसले. उरली ती नगरपालिकेला आवडेल अशी फिकट रंगाची, जाड भिंतींची साधी इमारत, कोपऱ्यात गोल दार, माफक कमानी, आणि खाली काळ्या दगडाचं जोतं, भिंतीबाहेर आलेलं. म्हातारा एक पाय मुडपून बसतो, म्हणून मुंबईपेक्षा जास्त रुंद. प्रश्न होता जाळीचा. फोर्टातल्या बँकेखाली तळघरात तिजोऱ्या होत्या, थंड हवा तिथून यायची. सहमला जरा खणलं की खारं पाणी लागतं. तळघर कुठून आणणार? शेवटी ऑफिसातल्या एसीचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला मी धरलं. आतली वापरलेली गार हवा एरवी गच्चीवरून बाहेर सोडतात, ती खालून, जोत्याच्या जाळ्यांतून सोडता येईल का?

"असं कुणी करत नाही," तो म्हणाला.

"मग सगळ्यांसाठी नको करू. एकाच माणसासाठी कर."

त्याने कुरकुर करत केलं, आणि चांगलं केलं.

माझी खरी फजिती साइटवर झाली. मे महिना, दुपार उतरत आलेली. रस्त्याच्या बाजूला नमुन्यासाठी काळे दगड बसवून झाले होते. उंची बरोबर आहे का बघावं म्हणून मी दगडावर बसले आणि दुसऱ्या क्षणी किंचाळत उभी राहिले.

"म्याडम, थंय बसा नको, चटको बसतलो," मुकादम म्हणाला. तो सिंधुदुर्गातला गवंडी, वर्षानुवर्षं इथल्या बातिना किनाऱ्यावर कामं करणारा.

"अहो, आधी सांगायचं ना!"

"सांगूक तोंड उघडलंय, तवसर तुमी उठलात."

फोर्टातला रस्ता अरुंद. समोरच्या इमारतीची सावली त्या जोत्यावर पडायची. इथे इमारतीचं तोंड मावळतीला, आणि समोर नुसता उघडा हायवे. ओमानमध्ये इतकी वर्षं काढून मी डोक्यात अजून फोर्टची सावली घेऊन फिरत होते. संपूर्ण ड्रॉइंगमध्ये मी सगळं मुंबईहून आणलं होतं, फक्त सावली आणायची राहिली होती. मुकादम हसू दाबायचा प्रयत्न करत होता, त्याला ते जमत नव्हतं. शेवटी मीही हसले. रस्त्याच्या बाजूला आम्ही साधी भिंत ठेवली आणि जोतं मागच्या गल्लीत नेलं, समुद्राच्या अंगाला. तिथे दुपारनंतर पूर्ण सावली असते आणि वारा असतो.

इमारत उभी राहत असतानाच अर्बाबना भाडेकरू मिळाला. तळमजला एका बँकेने घेतला. मला हे ऐकून इतकं हसू आलं की अर्बाबना समजेना. पण हसू फार टिकलं नाही. बँकेचे मॅनेजर पाहणीला आले आणि त्यांची नजर गल्लीतल्या जोत्यावर गेली. त्यांचं एटीएम त्याच गल्लीत येणार होतं. इथे लोक बसतील, ते म्हणाले. शेतावरचे मजूर बसतील, डिलिव्हरीवाले बसतील, बँकेच्या दृष्टीने हे बरं नाही. जोत्यावर लोखंडी खिळे मारा, नाहीतर ओळीने कुंड्या ठेवा.

अर्बाबचा मला फोन आला. "मुहंदिसा, कुंड्या छान दिसतील, नाही का?"

"तुमच्या वडिलांना विचारून सांगते."

"त्यांना नका सांगू."

आता मात्र माझा तोल गेला. "मग ते येतील त्या दिवशी तुम्हीच त्यांना सांगा, कुंड्यांच्या कुठल्या बाजूला बसायचं ते. ते घराबाहेर येणार ते या दगडासाठी, माझ्या कमानींसाठी नाही."

 "इन्शाल्ला, बघू," ते म्हणाले. इथे राहिलं की कळतं, इन्शाल्ला लहानही असतो आणि मोठाही. हा फारच लहान वाटला. पुढच्या खेपेला गेले तर गल्लीच्या टोकाला कुंड्या येऊन पडल्या होत्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्या बघून मला रडू आलं. एका म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात एकदा बसायला जागा मागितली होती, आणि ती मी दगडात बांधून दिल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत कुणीतरी काढून घेणार होतं.

बँक उघडली तो थंडीतला दिवस होता, पण इथल्या थंडीतही एसी चालूच असतात. दुपारी म्हातारेबुवा मुलाच्या गाडीतून उतरले. नवी दिशदाशा, डोक्याला रंगीत मसर नीट बांधलेला. मी कोपऱ्यातल्या दाराशी उभी होते. निदान ते दार तरी बघतील असं वाटलं होतं. त्यांनी वर पाहिलंच नाही. काठीने भिंत चाचपत ते कोपऱ्यावरून वळले आणि गल्लीत गेले. काळा दगड हाताला लागला तेव्हा थांबले, मागे सरकून बसले, एक पाय मुडपून घेतला. मग हात खाली नेऊन जाळी शोधली. चप्पल काढली आणि मोकळा तळवा जाळीसमोर धरला.

"ठंडा," ते म्हणाले. बाकी इमारतीबद्दल अवाक्षर नाही. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

मीही अंतर ठेवून बसले. मुकादम आला होता, तो बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन डिलिव्हरीवाले ऑर्डरची वाट बघत टेकले. गल्लीत छान वारा होता. कुंड्या अजून टोकालाच होत्या. अर्बाब गाडीपाशी उभे राहून एकदा वडिलांकडे आणि एकदा कुंड्यांकडे बघत होते.

तेवढ्यात बँकेचा चौकीदार आला. नवा माणूस, नवा कडक युनिफॉर्म. त्याला म्हातारा कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. बिचारा बोलला तोही हळूच. "यल्ला, उठो भाई, उठो. इधर बैठना मना है."

डिलिव्हरीवाले उठले. मुकादम उठला. आणि मी उठले. तो दगड मी काढला होता, त्याची उंची, रुंदी, सावली सगळं मी ठरवलं होतं, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मी पर्स खांद्याला लावून उभी होते. आमच्या घरी बुद्धवंदना झाली की माझे वडील आम्हा मुलांना समोर बसवून सांगायचे, कुणी ऊठ म्हटलं तर आधी कारण विचारायचं. त्यांनी आम्हाला त्याच एका गोष्टीवर वाढवलं. तरी माझे गुडघे मला न विचारता सरळ झाले होते. मला माझ्याच गुडघ्यांचा संताप आला.

म्हातारा उठला नाही. चौकीदार त्यांच्यापाशी गेला. अर्बाब धावतच निघाले, पण म्हाताऱ्याने तळहात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं. मग मान वर केली. त्या बँकेच्या गल्लीत त्यांनी वर पाहिलं ते तेवढंच.

"कब से खड़ा है?" त्यांनी चौकीदाराला विचारलं.

"सुबह से, बाबा."

म्हाताऱ्याने शेजारच्या दगडावर हात थोपटला आणि माझ्या भाषेत म्हटलं, "बसा."

चौकीदाराने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "बैठने को बोल रहे हैं," मी सांगितलं. त्याने दाराकडे पाहिलं, मॅनेजर दारात येऊन उभे होते. मॅनेजरनी अर्बाबकडे पाहिलं. अर्बाबने ड्रायव्हरला हाक मारली आणि कुंड्यांकडे बोट दाखवून अरबीत काहीतरी सांगितलं. ड्रायव्हर एकेक कुंडी उचलून गाडीत ठेवायला लागला, तसे मॅनेजर आत गेले.

चौकीदार अगदी कडेला, अर्धाच टेकला. म्हाताऱ्याने आम्हा उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी दुसऱ्या बाजूचा दगडही थोपटला. "बसा, बसा." पहिली मी बसले. मग मुकादम बसला, मग सगळेच बसले.  जाळीतून गार हवा येत होती. थोड्या वेळाने चौकीदार मागे सरकून नीट बसला, वाकून त्याने बूट काढले आणि दोन्ही तळवे जाळीसमोर धरले.